साय धुतलेलं चीज

अण्णा, हे सगळं तुमच्यामुळे झालंय, आणि तुम्ही तिकडे वर निवांत. तुमच्या नातीला लीड्सच्या युनिव्हर्सिटीत अकाउंट्सला जागा मिळाली. आपल्या घरात पहिलीच. मी आपल्या अख्ख्या बेलग्रेव्ह रोडला पेढे वाटून बसले, आणि आता बाई म्हणते, एक वर्ष थांबते, आधी फ्रान्सला, नॉर्मंडीला जाऊन चीज करायला शिकते. कुठे? तुमच्या त्याच मादामच्या गोठ्यावर, जिच्याकडून तुम्ही दर जुलैत चीज आणायचात. मादाम गेली, आता तिचा मुलगा बघतो. हिने त्याला फोन लावला, फ्रेंचमध्ये फाडफाड बोलली, तो ये म्हणाला, झालं. सोमवारी तिकडची कोच आहे, लांबची बस. मी म्हटलं, "शेण काढायला जाणार? तुझे आजोबा साताऱ्याकडचं शेण सोडून इथे आले ते कशाला?" तर म्हणते, "इट्स ओन्ली वन इयर, आई. आजोबा असते तर मला सोडायला स्वतः आले असते."

येड लावलंत तुम्ही. जुलैत आपले बनियनचे कारखाने पंधरवडाभर बंद व्हायचे, सगळी माणसं स्केग्नेसच्या समुद्रावर जाऊन वाळूत बसायची. तुम्ही एकदा स्वस्तात मिळालं म्हणून कोचने फ्रान्सला गेलात आणि मग दर वर्षी तेच. इंग्रजीत फोरमनला धड उत्तर देता येत नव्हतं, पण दूधवाल्याला सकाळी "बोंजूर". तो बिचारा आईकडे बघायचा. पहिल्याच वर्षी त्या गोठ्यावर तुम्ही न विचारता करंगळी दुधात बुडवलीत, विरजण लावताना आजी बघायची तशी, कोमट आहे का म्हणून. मादामने फाटकन हातावर मारलं. ते तुम्ही घरी येऊन असं सांगितलंत, जणू तिने हार घातला. "आमच्या आईनेपण असंच मारलं असतं," म्हणालात, आणि डोळे पुसलेत. आजीच्या मयताला गावी जाता आलं नव्हतं तुम्हाला, ते मला तेव्हा आठवलं.

आणि ते चीज! कोचमध्ये लोकांनी खिडक्या उघडल्या असतील. मी तेव्हा नवऱ्याबरोबर, पोरीला घेऊन तुमच्याकडेच राहायला होते. अजून दिसतं मला, तुम्ही आंघोळीला गेलाय, आई सिंकपाशी उभी आहे, ते चाकासारखं चीज हातात धरून म्हणते, "मेल्यांनी बुरशी आलेलं दिलंय यांना, गरीब बघून." सुरीने वरची पांढरी लव खरवडली, भांड्यांचा साबण लावून नळाखाली धुतलं, तुकडे केले आणि वर मोहरी-मिरचीची फोडणी. मी स्वतः कढीपत्ता घातला. तुम्ही ताटाकडे बघितलंत. मला वाटलं, आता ताट भिरकावणार. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "अगं, बुरशी नाही ती. साय आहे त्याची. साय कोणी धुतं?" मग भाकरीबरोबर सगळं संपवलंत, साबणासकट. आई म्हणाली, "बघ, फोडणीने चव आली." तुम्ही मान हलवलीत.

हसायला येतं, पण मला अजून रागच येतो. कारण त्याच वर्षी तुम्ही बुधवारी संध्याकाळी कौन्सिलच्या क्लासला जायला लागलात, फ्रेंच शिकायला. पायात पॉलिश केलेले बूट. शेजारच्याच खोलीत बायकांना इंग्रजी शिकवायचे, फुकट. मी गावाकडे चौथीपर्यंत शिकलेली, पोरीच्या नर्सरीचा कागद आला तर शेजारणीकडून वाचून घ्यायची. मी म्हटलं, अण्णा, मीपण येते तुमच्याबरोबर. तुम्ही टाय बांधता बांधता म्हणालात, "आणि पोरीला कोण बघणार? पोळ्या कोण करणार?" आई होती की घरात! नवरा होता! आरशातून बोललात, वळलासुद्धा नाहीत. परत आलात की माझ्याच हातची गरम पोळी खात मला सांगायचात, आज भूतकाळ शिकवला. आणि ही तीन वर्षांची कार्टी तुमच्या मांडीवर बसून ते शब्द म्हणायची. तिला तुम्ही बोटावर चीज चाटवायचात, फ्रेंच बोलायला लावायचात. माझ्या पोरीला सगळं दिलंत. मला आरसा.

आता मी नाही म्हटलं, तर ही थांबेल. तोंड फुगवेल, पण थांबेल, लीड्सला जाईल. काल टाय नव्हता माझ्या गळ्यात, हातात लाटणं होतं, पण तोंडातून निघालं काय? "आणि इथे माझ्याजवळ कोण?" माझा आवाज नाही हो तो, तुमचा. पोरगी ताटं मांडायला वळली. तशीच, त्या बुधवारी मी पोळ्या लाटायला वळले होते तशी.

हे पत्र कुठे जाणार आहे, चहापत्तीच्या डब्याखाली राहील. एक सांगते, फुगू नका. तिने दुकानातून आणलेलं तसलं चीज काल मी फ्रीजसमोर उभी राहून भाकरीबरोबर खाल्लं. सायीसकट. बरं लागलं.

पण ते राहू द्या. मला का नाही नेलंत त्या बुधवारी? पोळ्यांचं कारण सांगू नका. रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे, अण्णा. सोमवारी पोरीला काय सांगायचं ते मला त्याच्याशिवाय ठरवता येत नाही.