घर मास्तरीणबाईंना, घण नातीला, लेकाला काही नाही

मी, लोहारीण, वय झालेली पण डोकं ठिकाणावर असलेली बाई, कुणाच्या धाकाने नव्हे तर अगदी खुशीत लिहून ठेवते, की माझ्यामागे पुढीलप्रमाणे करावं. वकील म्हणाले, "आजी, एवढं पाल्हाळ नको." म्हटलं, "मरणार मी, तर बोलणारही मीच."

घर, भट्टीसकट. हे लेकाने स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. मी अंगठा देईना, तर त्याने माझं मनगट पिरगाळलं. हाड कटकन मोडलं. त्यालाच घाम फुटला, पण कागद सोडला नाही मेल्याने. मग मला वृद्धाश्रमात टाकलं. तिथे आयांना निवांत टीव्ही बघता यावा म्हणून आम्हाला चादरीच्या पट्ट्यांनी खाटेला बांधत. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरीणबाई ओरडल्या, की त्यांना थोबाडीत.

मग म्हाताऱ्यांसाठी नवा कायदा झाला. बांधायला बंदी, मारलं तर तुरुंग, आणि जबरीने घेतलेलं घर परत. कायदा करणाऱ्यांना भरपूर म्हातारपण लाभो! तपासणीला सरकारी मॅडम आल्या, तेव्हा आमचे वळ दिसू नयेत म्हणून आश्रमाच्या मालकाने आम्हा दोघींना कोठीत कोंडलं.

आता लोहारकामात काय असतं, नवरा हातोडीने हलका ठोका देऊन जागा दाखवतो, आणि बायको तिथेच घण घालते. तिने विचार करायचा नसतो. मला मोतीबिंदू, बाईंना उचलवत नाही. म्हणून त्यांनी चमच्याने दारावर ठोका द्यायचा, आणि मी आग विझवायचा लाल सिलिंडर हाणायचा. दार हलायला लागलं, तेवढ्यात मालकानेच ते बाहेरून उघडलं. बाई दचकल्या आणि चमचा त्याच्या गुडघ्यावर टेकला. ठोका पडला, की घण पडतो. गुडघ्याची वाटी फुटली.

"अहो बाई, हे काय केलंत?" मी म्हटलं.

"चुकून हो," म्हणाल्या, आणि हसू आवरेना दोघींना. त्याच्या बोंबा ऐकून मॅडम धावत आल्या, त्यांनी आमचे वळ पाहिले. तो लंगडत तुरुंगात गेला. कायद्याने मला घर परत मिळालं.

म्हणून माझ्यामागे बाईंनी मरेपर्यंत याच घरात राहावं. त्यांना कुणी हात धरून बाहेर काढू नये, परत तसल्या जागी धाडू नये. लेक विचारतो, "ती कोण लागते आपली?" तुझी कुणी नाही रे, माझी लागते.

बाईंनंतर घर नातीचं. बापाची बोलणी खाऊन ती आश्रमात मला भेटायला यायची. घण आजच तिचा. विकला तरी चालेल.

लेकाला काही नाही. मी मेल्यावर कोर्टात जाणार म्हणतो. माणूस मेल्यावर कुणीही भांडेल. लेका, हरकत असेल तर आत्ता ये, जेवणवेळेला ये. आधी पोटभर वाढीन, मग बघून घेईन.

अंगठा : लोहारीण
साक्षीदार : १. गल्लीतली डॉक्टरीण २. दूधवाला
(बाईंना घर मिळतंय, म्हणून त्यांची साक्ष चालत नाही. रुसल्यात.)
ठिकाण : माझं घर
तारीख : ११ मार्च