खिडकीकडे पाठ

६ डिसेंबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर सगळं बरं आहे म्हणाले, ते खरं नव्हतं. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा. काही बोलले की ह्यांच्या कानावर जातं. म्हणून दुकानात बसून लिहिते आहे. मालक जेवायला गेलेत आणि फ्रेमच्या काचा कापून झाल्यात.

खांबावरून पडल्यानं झालेल्या इजेबद्दल डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की कमरेखाली आता काही हलेल अशी आशा धरू नका. विजेच्या खांबावर माकडासारखा सरसर चढणारा तुमचा भाऊ, पण त्यांनी ते असं ऐकलं, जणू कुणा तिसऱ्याबद्दल चाललंय. घरी आल्याबरोबर खाट भिंतीकडे वळवायला लावली, पडदा ओढायला लावला. तेव्हापासून खिडकीकडे पाठ. दोन घास खातात तेही माझं मन राखायला. एकदा म्हणाले, तू अजून तरुण आहेस, माहेरी जा. मी म्हटलं, माहेरी कसली जाते, तिथे दादाच्या घोरण्यानं भिंती हलतात. पूर्वी हसले असते.

आता खरं ते सांगते. काल, मीठ कुठंय विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, की झोपेच्या गोळ्यांची डबी कुठे ठेवतेस. मी संपल्या म्हणून सांगितलं. तेव्हापासून डबी माझ्या पर्समध्ये आहे. मी दुकानात असताना शेजारच्या काकू ह्यांच्यापाशी बसतात, तरी इथे काही खाली पडलं की मी पर्समधली डबी चाचपून बघते. वन्सं, मला एकटीला हे झेपत नाही. जमलं तर या.

तुमच्या मायेवरच उभी आहे.
आपली,
धाकटी


१४ डिसेंबर

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि बेकरीला कुलूप लावून बस पकडली. इथे उत्तरेच्या डोंगरांत हिवाळ्यात व्हायचं तेच झालं, घाटाच्या पहिल्याच वळणावर बर्फानं रस्ता बुजला होता. ड्रायव्हरनं गाडी मागे फिरवली. मी खाली उतरून त्याच्याशी भांडले, जसा काही बर्फ त्यानंच टाकला होता. बर्फ हटेपर्यंत वाट बंद आहे, टपाल तेवढं पायी जातं.

आधी महत्त्वाचं. ती डबी एकटीनं वागवू नकोस. फोनवर बोलले तर घरात ऐकू जाईल, म्हणून लिहिते, हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी डॉक्टरांना सगळं सांग, काकूंनाही सांग. लाज कसली? ताप चढला तर सांगतोच ना आपण.

बाब्या लहानपणी रुसला की असाच भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेवणाचा वास आला की हळूच वळायचा. या वेळी नुसत्या वासानं भागणार नाही, हे मलाही कळतं. पण एक करून बघ. येता-जाता जे चांगलं दिसेल, ते घरी येऊन त्याला सांग. हिवाळ्यात बारीकसारीक पुष्कळ असतं. आज पहाटे भट्टी पेटवली, तर बाहेरच्या कट्ट्यावर चिमण्या येऊन बसल्या, पिसं फुगवून, लोकरीचे गुंडे ठेवावेत तशा. असलंच काही. तो ऐकेल न ऐकेल, तू बोलत राहा.

स्वतः वेळेवर जेव. जीव तिथे टांगलेला आहे.
तुझी,
वन्सं


२७ डिसेंबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांना सांगितलं. ते घरी येऊन ह्यांच्यापाशी बराच वेळ बसले, औषध बदललं, आता दर आठवड्याला येतात. डबी काकूंकडे दिली. तेवढं एक ओझं उतरलं.

दुसरं तुम्ही सांगितलंत तेही केलं. रोज सांगत गेले. काचेवर थंडीनं नक्षी उमटली, ती सांगितली. दूधवाल्याच्या तोंडाची वाफ आणि त्याच्या किटलीची वाफ एकमेकींत कशी मिसळते, ते सांगितलं. कालही काहीतरी सांगत होते, गवतावरच्या दहिवराबद्दल. हे भिंतीकडे बघतच म्हणाले,

“सुंदर सुंदर काय लावलंयस? मी खाली पडलो ना, तेव्हा आभाळही सुंदरच होतं.”

पडल्यापासून त्या सकाळबद्दल ते पहिल्यांदाच बोलले, आणि बोलले ते हे. मग मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले.

वन्सं, राग मानू नका, पण तुमच्या चिमण्या तुमच्यापाशीच ठेवा. नक्षीनं पाय परत येत नाहीत. मला आता हा हिवाळा डोळ्यांसमोर नको झालाय. सकाळी जाग आली की पहिल्यांदा त्यांचा श्वास ऐकते आणि मग स्वतःचा घेते. असं किती दिवस जगायचं, ते कुणीच सांगत नाही.

याउपर काय लिहू.
आपली,
धाकटी


५ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

राग कशाला मानू? माझंच चुकलं. जखमेवर मी रांगोळी काढायला सांगितली. पत्र वाचलं तेव्हा कणीक मळत होते. तशीच मळत राहिले, पण त्या दिवशीचे पाव खारट झाले म्हणून गिऱ्हाइकानं परत आणले. इथे बसून मी काही शहाणी नाही गं. रोज त्या बसथांब्यावर जाऊन विचारून येते, वाट उघडली का. तिथला माणूस आता मला लांबून बघूनच मान हलवतो.

बाब्याला काही सांगू नकोस. त्याला त्याचा वेळ आणि डॉक्टरांना त्यांचं काम करू दे. पण तुझं काय? आमचे हे गेले त्या वर्षी मी सहा महिने मान वर केली नव्हती. मग एकदा पावाची लादी मोडताना आत वाफ दिसली आणि मी नुसती बघत राहिले. दुःख जागच्या जागी होतं, पण मी तिथे होते. तेवढंच मागते. रस्त्यानं जाताना बघ, तुझ्यापुरतं. त्यातलं कुणाला काही द्यायचं नाही.

मोठेपणानं लिहीत नाही, भिऊन लिहिते आहे. दोघंही माझ्या हातून जाल असं वाटतं.
तुझी,
वन्सं


२१ जानेवारी

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

घडलं ते घडलं तसं लिहिते.

परवा संध्याकाळी दुकानातून निघाले. कोपऱ्यावर पाण्याचं डबकं गोठलं होतं. त्यात एक पिवळं पान अडकलेलं आणि त्याच्याभोवती हवेचे बुडबुडे, जिथल्या तिथे थांबलेले. मी उकिडवी बसले. आमच्या दुकानात एवढी स्वच्छ काच कधी आलेली नाही. किती वेळ गेला कळलं नाही. दिवे लागले तेव्हा भान आलं, की काकू तर केव्हाच आपल्या घरी गेल्या असतील आणि हे एकटे आहेत. पळत सुटले. दोनदा घसरले.

दार उघडलं तर खाट रिकामी.

मग अंधारात खिडकीखालून ओरडणं ऐकू आलं. हे जमिनीवर पडले होते. कोपरं सोललेली, पडद्याचं एक टोक मुठीत, पडदा अर्धा फाटलेला. हातांवर सरपटत खिडकीपर्यंत गेले होते, माझी वाट बघायला. रस्त्यावर बर्फ आहे, मी कुठेतरी पडून राहिले असेन, असं त्यांना वाटलं होतं. आयुष्यात बोलले नाहीत इतकं मला टाकून बोलले.

मी काही खोटं सांगितलं नाही. डबकं बघत बसले होते, म्हटलं. त्यांनी मुठीतलं पडद्याचं टोक सोडलं. मग म्हणाले,

“काय होतं त्यात?”

मी सांगितलं. मला ते उचलवेनात, म्हणून काकूंचा मुलगा कामावरून येईपर्यंत आम्ही एक रजई घेऊन तिथेच भिंतीला टेकून बसलो. ते रडले. पडल्यापासून पहिल्यांदा. त्या सकाळचं सगळं बोलले, वन्सं. गोळ्यांबद्दलही बोलले. अजून तसं मनात येतं म्हणाले. मी म्हटलं, आलं की मला हाक मारायची, मी कुठेही असले तरी. त्यांनी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

फाटलेला पडदा मी काढून टाकला. तुमचा आधार असू द्यावा.
आपली,
धाकटी


३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाईट आहे, कारण पालथं पडून लिहितो आहे. हिनं तुला मी सुधारलो म्हणून लिहिलं असेल तर विश्वास ठेवू नकोस. पहाट फार वाईट जाते. जाग आली की पायांची आठवण आधी येते. डॉक्टर म्हणतात, हे दिवस लांबतील. माझ्याशी ते खोटं बोलत नाहीत, म्हणून मला आवडतात.

खाट आता खिडकीशी आहे. समोरच मी दर महिन्याला चढायचो तो खांब. पहिले दिवस त्याच्याकडे बघवत नव्हतं. काल रात्री तारांवर बर्फ बसला होता. सकाळी ऊन आलं तसा तो एका टोकापासून सुटायला लागला, अख्ख्या गल्लीभर, माळ तुटल्यासारखा. इतकी वर्षं त्या तारांवर काम केलं, पण हे खालून कधी बघितलं नव्हतं. ही मोरीत भांडी घासत होती. मी हाक मारली. तिच्या हातातलं पातेलं पडलं, पांढऱ्याफटक चेहऱ्यानं धावत आली. तिला काय वाटलं ते माझ्या उशिरा लक्षात आलं. मी म्हटलं, तसं काही नाही गं, लवकर बघ, संपत आलंय.

तिनं बघितलं. ओले हात माझ्या डोक्यावर ठेवून उभी राहिली.

वाट उघडली की ये. लोभ आहे तेवढाच असू दे. वाढवलास तर मला रडू आवरत नाही.
तुझा,
बाब्या