शिंपलवाडीच्या किनाऱ्यावरील आजींना एकवार पाहून येण्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, माडबंदर.

विषय : पाण्याच्या कडेला बसणाऱ्या एका वृद्ध बाईची पौर्णिमेपूर्वी विचारपूस होणेबाबत.
संदर्भ : आपल्या कचेरीचे दि. १७-११-८४ चे पत्र.

महोदय,

अर्जदार सौ. कांता वासुदेवराव उमाटे, बी.ए. (समाजशास्त्र), राहणार आंजी (मोठी), हिचा अर्ज असा की,

१. शिंपलवाडीच्या चहावाल्याने अर्जदारास आधीच बजावले होते, "वाळूर एक म्हातारी भेटात. काय इचारल्यान तर जबाब देव नकात, फुडे चला." एका निराधार बाईला गाव चेटकीण ठरवीत आहे, असे समजून अर्जदाराने ते कानाआड केले. उलट यजमानांना म्हणाली, "आपण तिले मुद्दाम चहा पाजू."

२. यजमान वर्ध्याला शिक्षक व स्काऊट मास्तर आहेत. आपल्या भागातले त्यांचे शिबिर दिवाळीच्या सुटीत आटोपल्यावर शनिवार-रविवार ते, अर्जदार व मुलगी जयवंता (वय वर्षे चार) असे तिघे तेथील वाळूवर राहुटीत राहिले. धाम नदीच्या वाळूत ठोकावी तशी राहुटी पाण्याजवळच ठोकली. पूर पावसाळ्यात येतो, एवढेच आमच्याकडे ठाऊक. ही आजीच धावत आली. "भरती येतली, उठा!" म्हणत खुंट्या उपटल्या, पोरीला कडेवर घेऊन वर नेले. पाहता पाहता राहुटीच्या जागी कमरेइतके पाणी झाले.

३. वर चहा घेताना आजींनी जयवंताला मांडीवर घेऊन विचारले, "माझो झील खंय दिसलो गो? होडी घेऊन गेलो तो?" झील म्हणजे मुलगा. पोर म्हणाली, "येऊन राह्यला ना, मांगून येऊन राह्यला." यजमानांची बस चुकली की सासूबाई आनंदाबाई तिला हेच सांगतात, तेच ती बोलली. अर्जदार व यजमान हसले. आजी हसल्या नाहीत. स्वतःच्या खोपटातून भाताचे भांडे फडक्यात बांधून आणले नि पाण्याच्या कडेला जाऊन बसल्या. सकाळी तिथेच, लुगडे छातीपर्यंत ओले. यजमान उठवायला गेले तर म्हणाल्या, "पोराच्या तोंडाक खोटा नसता."

४. परतताना चहावाल्याकडून कळले, होडी पाच वर्षांमागे बुडाली. आजी रोज पाण्यात जाऊन बसत. 'येईल' म्हणायचे नाही, 'गेला' असेही म्हणायचे नाही, असे गावाने ठरवले तेव्हा कुठे गेल्या साली त्या वर राहू लागल्या. एवढे सांगून तो पाठ फिरवून ग्लास विसळू लागला.

५. घरी आल्यापासून जयवंता दिवेलागणीला ओट्यावर पाय पोटाशी घेऊन बसते. काऊन म्हटले तर "पाणी आलं" म्हणते. साहेब, आंजीत आमच्या विहिरीलाही धड पाणी नाही. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवून पाहिल्या. राहुटी धुऊन वाळवली तरी खारट वास जात नाही. परवा पोर म्हणाली, "पाणी आजीच्या गळ्याले लागलं."

६. संदर्भीय पत्रात आपण विचारले की, सदर बाईचे नाव काय, व ती अर्जदाराची कोण. नाव विचारायचे राहून गेले. नात्यावाचून कागद पुढे सरकत नसेल, तर मुलीची आजी असे लिहून घ्यावे. तिने पोरीला कडेवर उचलले आहे, तेवढ्यावर लिहावे. सासूबाईंची हरकत नाही. त्यांना विचारले आहे.

७. पोर अजाण आहे, तिने काही पाहिले नाही, हे आजींना कळवावे असे अर्जदाराने मागील अर्जात म्हटले होते. ते आता रद्द समजावे. हे ऐकून त्या उठतील की तिथेच आडव्या होतील, सांगता येत नाही. मुलाचा विषयच काढू नये. येत्या पौर्णिमेला उधाण आहे. त्याआधी कोतवाल पाठवावा. सोबत बाईमाणूस असेल तर बरे. "जेवलात का" एवढेच विचारावे, हाताला धरून वर आणावे. माणूस मोकळा नसेल तर आपण स्वतः जावे, पण उजेड असताना जावे. आणि साहेब, आधी पाण्याकडे पाहावे, खोपटाकडे मागून.

आपल्या दोन ओळींची वाट पाहणारी,
सौ. कांता वा. उमाटे
मु. पो. आंजी (मोठी), ता. जि. वर्धा
दि. २६-११-८४

सोबत : उत्तरासाठी पत्ता लिहिलेले जोडकार्ड.