मास्तरांचं लॉक

४ मार्च

मास्तरांचं नाव मशीनमधून काढलं. दोन महिने टाळत होतो — गेलेल्या माणसाचं खातं कशाला चालू ठेवलंय, असं मोठे साहेब सारखे विचारायचे. काढलं एकदाचं. फाइली काढायला मात्र हात धजला नाही. राहू देत तिथेच.

ही सिस्टिम आम्ही दोघांनी मिळून उभी केली. एक मशीन — मोठा कॉम्प्युटर — त्याला चाळीस टर्मिनल, चाळीस माणसं एकाच वेळी कामाला आणि कुणाचा कुणाच्या पायात पाय नाही. प्रत्येक संस्थेची अशी सिस्टिम वेगळी, म्हणून आता सगळ्यांना एकच नियम लावायचं चाललंय. दोघं एकाच फाइलमध्ये एकदम लिहायला लागले तर थांबायचं कुणी — तिथे घोडं अडलंय. मास्तरांनी त्यासाठीच लॉक — एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थोपवणारा प्रोग्राम — लिहायला घेतलं होतं. काम पुरं झाल्याशिवाय मलासुद्धा दाखवायचे नाहीत. एरवी आमचं काम मी बाहेर जाऊ देत नाही, पण हे मेमधल्या सगळ्या संस्थांच्या बैठकीत मांडणार, त्यांच्या नावानं. त्यांच्यासाठी करण्यासारखं एवढंच उरलंय.

११ मार्च

मास्तरांच्या फाइली आजही उघडल्या नाहीत. मशीनच्या सगळ्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, पण विचारल्याशिवाय कुणाच्या फाइलींत डोकवायचं नाही, ही आमची पहिल्या दिवसापासूनची रीत. आता विचारू कुणाला?

२ एप्रिल

नवी मुलगी रुजू झाली. चुणचुणीत आहे. तिचं खातं उघडून दिलं. मास्तरांच्या खुर्चीवर बसली — बघवेना.

१९ एप्रिल

संपलं सगळं.

धीर करून मास्तरांची डिरेक्टरी उघडली. रिकामी! मशीन माणसाला नावानं ओळखत नाही, नंबरानं ओळखतं. नाव काढलं की नंबर मोकळा. आणि नव्या माणसाला पहिला मोकळा नंबर देणारा प्रोग्राम माझाच! मास्तरांचा नंबर त्या मुलीला गेला आणि त्यांच्या सगळ्या फाइली तिच्या नावावर दिसायला लागल्या.

"मला वाटलं, कुणीतरी सरावासाठी ठेवल्यात, सर. अर्धवटच होत्या. डिस्कवर जागा नव्हती, म्हणून साफ केल्या." रडायला लागली. तिला काय बोलणार? नाव काढून फाइली जपणारा शहाणा मी.

टेपवर जुनी प्रत असेल म्हणून ऑपरेटरकडे धावलो. तो खाली बघत म्हणाला, "टेपा पुरत नाहीत, जुन्यांवरच नवं भरा, असं तुम्हीच सांगितलं होतं ना, साहेब."

२० एप्रिल

ताट तसंच परत दिलं. बायको म्हणाली, "अहो, मास्तर गेले तेव्हासुद्धा तुम्ही असे बसला नव्हता." खरं आहे तिचं. तेव्हा मागे काहीतरी शिल्लक आहे असं वाटत होतं.

३ मे

काहीच करवत नाही.

९ मे

बैठक झाली. रिकाम्या हातानं गेलो. दुसऱ्या संस्थेचा तो चष्मेवाला — दरवेळी आमच्याशी वाद घालणारा — त्यानं त्यांच्या संस्थेतर्फे लॉक मांडलं. सगळे माना डोलवत होते. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मास्तरांच्या जागी हे? उठलो आणि तोंडाला येईल ते बोलत सुटलो. "हे ज्यानं लिहिलंय, त्यानं एका मशीनवर चाळीस माणसं कधी जन्मात पाहिली नसतील!" चष्मेवाला नुसता कागद चाळत राहिला. मत घेतलं. मंजूर.

जिन्यात त्यानं गाठलं. "जरा बोलायचं होतं तुमच्याशी." मी थांबलो नाही.

१२ मे

चष्मेवाल्याचा फोन आला. त्यानं मांडलेलं ते लॉक मास्तरांचंच. आजारपणात, अंथरुणावर बसून कागदावर पुरं केलं आणि त्यालाच पाठवलं. "माझं नाव घालू नका," म्हणाले होते. "मित्राला आधी कळलं तर तो आमच्या मशीनबाहेर जाऊ द्यायचा नाही. मंजूर झालं की मीच सांगेन त्याला."

विरोधात एकच हात वर होता. माझा.