गुरुवारची पोती

रत्नागिरी, दि. २४ जानेवारी २०२६

चि. विठूस दमयंतीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनच करणार होते, पण फोनवर मला रडू येतं आणि रागवायचं राहून जातं. गुरुवारी तू पावसहून टेम्पो घेऊन आलास, धाकट्या दीपालीच्या परसातला वाळका पातेरा भरलास आणि तिथंच दोनदा जेवलास. तिनं घावन्यांचे फोटो पाठवले. वर लिहिते, दादाला माझ्याच हातचे आवडतात. मेल्या, बारा वर्षं दर जानेवारीत बागेत घालायला माझ्याकडचा पाला न्यायला येतोस, तेव्हा घावने काय मी शेजारणीकडून आणत होते?

जळफळाट होतोय, लपवत नाही. लहानपणी आई साय तिला द्यायची नि खरवड मला. आता तूही तेच चालवलंयस.

इकडे नगरपरिषदेनं कचऱ्याचे नियम बदलले. ओला-सुका वेगळा होताच. आता पातेरा जाळायचा नाही. पोत्यांत भरायचा, वर घर नंबर घालायचा आणि गुरुवारी गेटाबाहेर ठेवायचा. मी नऊ पोती भरली. तू आला असतास तर तुलाच दिली असती.

थोरलीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

*

पावस, दि. ३० जानेवारी २०२६

ती. दमयंतीताईस विठूचा सा. न. वि. वि.

अगं, आधी तुझ्याकडेच आलो होतो. बघतो तर नऊच्या नऊ पोती नंबर घालून रस्त्यावर, घंटागाडीची वाट बघत. म्हटलं, ताईनं यंदा आपल्याला मोडीत काढलं. बारा वर्षं माझी असलेली पोती त्या गाडीला! फार लागलं. हॉर्नही न वाजवता पुढं गेलो. टेम्पो रिकामा परत नेला तर बायको कारण विचारणार, म्हणून दीपालीचा पाला भरला.

आता खरं सांगतो. आमच्या आंब्याच्या कलमांखाली पातेरा गुडघाभर साचतो. तुझ्या दोन फणसांचा पाला मला कशाला हवा? बांधाच्या भांडणापासून भावोजी माझ्याशी बोलत नाहीत, आणि नुसतंच त्यांच्या दारात यायला माझे पाय उचलत नाहीत. पाल्याचं निमित्त होतं. एक शब्द न बोलता तेही पोती चढवू लागायचे. दीपालीकडे जायला मला निमित्त लागत नाही. तुझ्यासाठी मी बारा वर्षं नको असलेला पाला वाहिला. हेवा तिनं तुझा करावा.

आता पोती नगरपरिषद नेणार. मग मी कशासाठी येऊ, ते तूच सांग.

राग सोड, लोभ सोडू नकोस.

तुझा विठू

*

रत्नागिरी, दि. ६ फेब्रुवारी २०२६

चि. विठूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं नाही, नुसतं त्यांच्या चष्म्याखाली ठेवलं.

काल गुरुवार. घंटागाडी वाजली तशी मी नव्यानं भरलेली पोती ओढायला लागले. हे ओटीवरून उठले आणि म्हणाले, "ती राहू देत. विठूची आहेत."

बारा वर्षांत तुझं नाव पहिल्यांदा त्यांच्या तोंडी आलं. गाडीवाल्याला ह्यांनीच जाऊन सांगितलं, की पाला आमच्या बागेत जातो. मग ओलं फडकं घेऊन खाली बसले आणि पोत्यांवरचे खडूचे नंबर एकेक करून पुसले.

रविवारी ये. हॉर्न वाजव. दीपालीकडेही जा हो, मी कशाला नको म्हणू? पण माझ्याकडे जेवून, पोटात जागा उरली तर.

वाट बघणारी,
ताई