महामहिमांचे यजमान

मी, श्यामसुंदर विष्णू नेरूरकर, वय ७८, निवृत्त फिटर, राहणार मुलुंड पूर्व, मुंबई, पूर्ण शुद्धीत, कोणाचाही धाक वा आग्रह नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सर्व काही माझी पत्नी रत्नप्रभा हिच्या नावे होतं. ती माझ्याआधी गेली.

१. राहता फ्लॅट तिच्या वकिलीतून आणि माझ्या अंधेरीच्या कारखान्यातल्या नोकरीतून घेतला. तो मुलगा नितेश आणि मुलगी गंधाली यांना समसमान मिळावा. बँकेतली शिल्लकही तशीच वाटावी. माझा राग मी वाटणीत आणलेला नाही.

२. माझी हत्यारं, म्हणजे कानशी, पाने, व्हर्नियर, गंधालीच्या मुलीला, स्वरदाला द्यावीत. ती डिप्लोमा करते आहे. रत्नप्रभा राज्यपाल झाली तेव्हा ही पेटी मी राजभवनात नेली होती. न्हाणीघरातला गळका नळ उघडून बसलो, तर तिथला तरुण अधिकारी धावत आला. "सर, प्लीज! आम्ही माणूस बोलावतो." रत्नप्रभा दारात उभी राहून हसत म्हणाली, "अहो, माणूस आलाय म्हणून सांगा ना त्यांना."

३. त्या डोंगराळ राज्यात महिला कल्याण मंडळाचं अध्यक्षपद रिवाजाने राज्यपालांच्या पत्नीकडे असे. पत्नी नव्हती, म्हणून ते माझ्याकडे आलं. मी भरतकामाचे नमुने पारखले, अंधशाळेत बक्षिसं वाटली, पुष्पप्रदर्शनात फिती कापल्या. लोक मला 'महामहिमांचे यजमान' म्हणत. माझं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. मंडळाने दिलेली शाल गंधालीने वापरावी, कपाटात कुजवू नये.

४. रत्नप्रभाच्या पार्थिवावरचा, घडी घातलेला तिरंगा गंधालीकडे राहावा. मला तो पाहवत नाही. का, ते मुलांना कळावं म्हणून लिहितो.

रत्नप्रभाचं दुखणं बरं होणारं नव्हतं. तिने माझा हात धरून सांगितलं होतं, "अहो, मला मुलुंडला न्या. नाहीच जमलं, तर निदान जाळा तरी तिथे." विमानाची तजवीज झाली. निघायच्या आदल्या सकाळी ती गेली.

नितेश दिल्लीहून आला. तोवर तिथल्या सरकारने अंत्यविधीची तयारी सुरू केली होती. मी म्हणालो, "तिला घरी न्यायचंय. तिनेच सांगितलंय."

नितेश म्हणाला, "बाबा, इथे मुख्यमंत्री येतायत, तोफांची सलामी आहे. मुलुंडला काय आहे?"

"तिचं घर आहे रे."

"आता घराचं काय घेऊन बसलात! आईचा मान बघा ना."

अधिकाऱ्यांनी संमतीची सही नितेशकडून घेतली. मैदानावर पुष्पचक्रं वाहिली गेली; माझा क्रम मंत्रिमंडळानंतर होता. गर्दी अडवायच्या दोरीपाशी शिपायाने मला थांबवून हिंदीत विचारलं, "आप कौन?" मी म्हणालो, "ती माझी बायको आहे." त्याला मराठी येत नव्हतं. तोफा सुरू झाल्या. तिला फटाक्यांचासुद्धा आवाज सहन व्हायचा नाही.

५. नितेशला माफ केलं, असं इथे लिहिणार होतो. दोनदा लिहून खोडलं. अजून जमत नाही. जमेल त्या दिवशी त्याला फोन करीन. फोन आला नाही, तर मी तसाच गेलो असं त्याने समजावं.

६. माझे अंत्यसंस्कार साधेपणाने मुलुंडच्या स्मशानात करावेत. माझ्या अस्थी मात्र इथे विसर्जित करू नयेत. राजभवनाच्या पायथ्याच्या ज्या नदीत रत्नप्रभाच्या सोडल्या, तिथेच माझ्याही सोडाव्यात. ती घरी येऊ शकली नाही, तर मी तिच्याकडे जातो. त्या नितेशनेच न्याव्यात, एकट्याने. वाटेत घाई करू नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी गंधालीने करावी.

स्थळ: मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

(सही) श्यामसुंदर विष्णू नेरूरकर

श्री. नेरूरकर यांनी आम्हा दोघांसमक्ष मजकूर वाचून सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष सह्या केल्या. सहाव्या कलमाशी ते थांबले. पाणी प्यायले, आणि पुढे स्वतःच वाचलं.

साक्षीदार:
(सही) डॉ. संघमित्रा गायकवाड, मुलुंड पूर्व
(सही) यज्ञेश परुळेकर, शेजारी