चाखणीचं टेबल

४ मार्च

सोमवारपासून दाण्याची बिस्किटं! शेंगदाण्याची! मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, जाहीर केलं तेव्हा प्रयोगशाळेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आमच्या कारखान्याचा नियम आहे — अकरा वाजता सगळ्यांनी चाखणीच्या टेबलाशी यायचं, त्या दिवसाच्या मालातलं एक बिस्किट खायचं, चव कशी, वास कसा ते सांगायचं. आजवर दुधाचीच असायची. तापलेल्या दुधाचा वास मला अजिबात सोसत नाही, पण ती नुसती नावड. श्वास रोखून गिळता येते. दाणा गिळला तर घसा मिटतो.

मुलाखतीत मोठ्या बाईंनी विचारलं होतं, "खाण्यातलं काही चालत नाही असं?" मी म्हटलं, "सगळं चालतं."

अजून कायम केलेलं नाही मला.

५ मार्च

घरी सांगितलं. बाबा हसले. "आपल्या घरात शिकलेली तू पहिली आणि पानात टाकणारीही तूच पहिली. पुस्तकांतून आली का ही थेरं?" कॉलेजात असताना डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, ही आवडनिवड नाही, जिवावर बेतेल. पण आमच्याकडे डॉक्टरपेक्षा बाबांचा आवाज मोठा.

आई म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. नावं ठेवतील." मग हळूच — "चावल्यासारखं करायचं आणि रुमालात टाकायचं. जमतं."

बाबा खारे दाणे खात होते. मी खिडकीशी जाऊन बसले. आईने नेहमीप्रमाणे आपला वाटा त्यांच्या ताटलीत सारला. "मला नाही आवडत." घरात चांगलं काही आलं की ते आईला आवडत नाही! आयांचं असंच असतं.

१० मार्च

जमलं. रुमालात. आमच्यातला सर्वात जुना रसायनतज्ज्ञ — त्याला सगळे चष्मा म्हणतात — टेबलापलीकडून म्हणाला, "ताई, आज एवढी सर्दी? का घरी भावंडांना खाऊ नेताय?" सगळे हसले. मीही हसले, तोंड न उघडता.

नंतर इतके हात धुतले की कातडं आग आग झालं.

१२ मार्च

ओठाला कणही लागला नाही. आजचा दिवस गेला.

१७ मार्च

"कुरकुरीत आहे. गोडी बेताची." हे मी म्हणते — न चाखता! खरं सांगायचे पैसे घेते आणि खोटं सांगते. भीती वाटते ती कशाची जास्त, मरायची की पकडली जायची? लाज वाटते, पण उत्तर आहे — पकडली जायची.

२६ मार्च

दवाखाना. हाताला सलाईन आहे, अक्षर लागत नाही. तरी लिहिते.

परवा दाण्याचा माल संपला. यंत्र धुतलं आणि पुन्हा दुधाची बिस्किटं काढली, लहान मुलांची छोटी असतात ती. मी खूश! आज रुमाल नको. बिनधास्त तोडलं.

ओठ चुणचुणला.

आधी स्वतःलाच दटावलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! चष्मा म्हणत होता, "झकास. नेहमीसारखं." बाकीच्यांनाही काही वेगळं लागलं नाही. बाहेर गाडीत खोकी चढत होती. बोलले तर विचारतील, तुला एकटीलाच कसं कळलं? आणि मला शिकवलेलं — एका नमुन्यावर माल अडवायचा नाही. दुसरा घ्यायचा, मगच तोंड उघडायचं.

म्हणून मी दुसऱ्या खोक्यातलं बिस्किट घेतलं आणि खाल्लं. अख्खं! नियमाप्रमाणे! जगात इतकी नेमकी मूर्ख मीच.

घसा आवळत गेला. मोठ्या बाईंची बाही धरली.

"गाडी थांबवा. यात दाणे आहेत."

"तुला कसं कळलं?"

"मला चालत नाहीत."

पुढचे शब्द आलेच नाहीत. कारखान्याच्या नर्सने मांडीत सुई खुपसली एवढं आठवतं. गाडी थांबली का, हेच विचारायचं होतं. आवाज नव्हता. कुठल्या तरी घरी, कुठलं तरी पोर, हातात बिस्किट — डोळे मिटले की तेच.

२८ मार्च

घरी आले. चष्म्याचा फोन. गाडी फाटकातून परत फिरवली! यंत्राच्या सांध्यात दाण्याचा लगदा अडकला होता. "ताई, आमच्या जिभा काय नुसत्या बोलायला!" म्हणाला. मग म्हणाला, "रुमालावरून चेष्टा केली. चुकलं."

मोठ्या बाई उद्या घरी येणार आहेत. नोकरी गेली. बाबांना काय सांगू?

२९ मार्च

"खोटं बोललीस," मोठ्या बाई म्हणाल्या.

"हो."

"तरी कायम करते तुला." मग जरा पुढे सरकून — "दाण्याचा अंश दाखवणाऱ्या पट्ट्या मागवल्यात. त्या येईपर्यंत यंत्र धुतलं की पहिलं बिस्किट तू चाखायचं. गिळायचं नाही, नुसतं ओठाला लावायचं. नर्स शेजारी उभी राहील."

बाबा खुलले. "घ्या! पोरीच्या थेरांनाही पगार!"

मला नको होतं. आणि तरीही जिभेवर तेच आलं होतं, "चालेल." आयुष्यभर तेवढंच शिकले आहे. 'चा' निघालासुद्धा —

"नाही."

आई. स्वयंपाकघराच्या दारात, हात ओले. "माझी पोर म्हणजे पिंजऱ्यातला उंदीर नाही, तुमचं विष चाखायला."

"अगं, त्या मोठ्या —"

"तुम्ही गप्प बसा."

बाबांना असं बोललेली आई मी पाहिली नव्हती. मोठ्या बाई पाण्याचा पेला अर्धा ठेवून उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "सोमवारी ये. टेबलाशी नको येऊस." आवाज रागाचा होता की नव्हता, कळलं नाही.

३० मार्च

आईने डब्यातले सगळे दाणे शेजारी देऊन टाकले. बाबा म्हणाले, "तिचं ठीक आहे, पण आपण दोघांनी काय घोडं मारलंय?"

आई रिकामा डबा विसळत होती. मागे न वळता म्हणाली, "आवडत नाहीत असं कधी नव्हतंच. माझाही घसा मिटतो."